मोबाईल वाटून झाले. ते चालते ठेवण्याची तरतूद कुठे आहे?

संपादक महोदय,

सरकारी योजनेतून गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना मोबाईल किंवा टॅब मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. मान्यवरांच्या हस्ते वाटप, हातात खोके धरलेल्या महिलांचा फोटो आणि खरेदी किती कोटींची झाली तो आकडा. हे फोन दोन वर्षांनी कोण सांभाळणार, एवढीच एक गोष्ट त्या बातमीत मला कधी वाचायला मिळत नाही. हा प्रश्न विचारण्याचे कारण असे, की माझे पोट याच कामावर आहे.

मी सांगलीत एका खासगी वितरण कंपनीच्या आयटी विभागात आहे. विक्री प्रतिनिधी, गोदामातली माणसे आणि डिलिव्हरीची मुले यांच्या हातातले काही शे अँड्रॉइड फोन, शिवाय वरच्या साहेबांचे थोडे आयफोन, यांची जुळवणी आणि देखभाल हे माझे रोजचे काम. दुसरीकडे माझ्या थोरल्या वहिनी जत तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहेत. त्यामुळे संस्थेने दिलेला फोन नीट सांभाळला तर काय होते आणि नुसता हातात देऊन सोडला तर काय होते, या दोन्ही बाजू मी जवळून पाहतो आहे.

आधी थोडे मागचे. पोषण अभियान ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनू येथे सुरू झाले आणि अंगणवाडीच्या नोंदी वहीतून मोबाईलवर जाऊ लागल्या. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले, ते अनेकांना आठवत असेल. ते फोन २ जीबी रॅमचे होते. ॲप उघडता उघडता अडकायचे, गरम व्हायचे, बंद पडायचे आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येत होता. त्यावेळी चर्चा झाली ती फोन निकृष्ट होते की नाही याची. माझ्या मते ती चर्चा अर्धीच होती. दोन वर्षे खेडोपाडी वापरलेल्या फोनमागे देखभालीची यंत्रणा नसेल, तर त्याच्या दुप्पट किमतीचा फोनही त्याच वाटेने जातो. आमच्या कंपनीत मी हे होताना पाहिले आहे आणि ते टाळताही आले आहे. म्हणूनच इतके ठामपणे लिहितो आहे.

फोन खोक्यातून काढून सिमकार्ड घातले म्हणजे तो कामाला लागला असे नसते. आमच्याकडे नवीन माल आला की तो आधी एका खोलीत जातो. प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनचा ओळख क्रमांक, नोंदवायचा, मागे क्रमांकाची चिकटपट्टी लावायची, चार्जिंगला लावायचे. मग पहिल्यांदा सुरू केल्यावर जो स्वागताचा पडदा येतो, त्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारायची. त्यावर क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. भिंतीवर लावलेला कोड त्याला दाखवला की तो फोन आपणहून वायफायला जोडला जातो, एमडीएम, म्हणजे सगळे फोन एका जागेवरून सांभाळणारी प्रणाली, स्वतःत उतरवून घेतो आणि संस्थेच्या ताब्यात येतो. पुढची ॲप्स, भाषा, पासवर्डची सक्ती, सगळे त्याच्यावर आपोआप येते. दोन माणसे बसली तर दिवसभरात चांगला ढीग हातावेगळा होतो. विक्रेता अधिकृत असेल आणि त्याने आयएमईआय आधीच गूगलच्या झीरो-टच सेवेत चढवले असतील, तर एवढेही करावे लागत नाही. फोन इंटरनेटला जोडला की स्वतःच संस्थेच्या ताब्यात येतो.

यातली एक बाब बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइड फोन अशा पूर्ण ताब्यात घेता येतो तो फक्त कोरा असताना. कोणी एकदा आपला जीमेल टाकून तो सुरू केला, की नंतर ताब्यात घ्यायचा म्हणजे आतले सगळे पुसून फॅक्टरी रिसेट करावे लागते. समारंभात सीलबंद खोके हातात देऊन सेविकेला घरी पाठवले, तर ती साहजिकच मुलाकडून किंवा गावातल्या मोबाईलच्या दुकानातून तो चालू करून घेणार. त्या क्षणी फोन संस्थेच्या हातातून निसटला. पुढे हजारो फोन पुन्हा गोळा करून पुसायचे आणि नव्याने जोडायचे हे कुठल्याच कार्यालयाला झेपणारे नाही, आणि म्हणून ते होत नाही. वाटपाच्या आधीचे आठ-पंधरा दिवस तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, चांगले वायफाय आणि तीन-चार शिकलेली मुले एवढ्यावर हा सगळा पुढचा त्रास वाचतो.

जीमेलचीच दुसरी बाजू. चोरीला आळा बसावा म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून अशी सोय आहे, की परस्पर रिसेट केलेला फोन आधीचे जीमेल खाते मागतो. ते ठाऊक नसेल तर फोन पुढे जात नाही. सेविका निवृत्त झाली, नोकरी सोडली किंवा दुर्दैवाने दगावली, तर तिच्या मुलाच्या मित्राने काढून दिलेले ते खाते आणि पासवर्ड कोणाला आठवणार? चांगला चालता फोन कपाटात पडून राहतो. एमडीएममध्ये त्या जागी संस्थेचे खाते लावण्याची सोय असते आणि पाच मिनिटांत फोन दुसऱ्या व्यक्तीला देता येतो.

दिवाळीत वहिनी सांगलीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, ॲप अपडेट करा म्हणतंय आणि केलं की जागा नाही म्हणतंय. वरून रोज विचारणा, माहिती का भरली नाही." फोन हातात घेऊन पाहिला तर मोकळी जागा दोन-तीनशे एमबीसुद्धा नव्हती. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, ग्रुपवर येणारे परिपत्रकांचे फोटो, सभांचे व्हिडिओ, आहार वाटपाचे रोजचे फोटो आणि तेच फोटो पुढे पाठवल्यामुळे तयार झालेल्या दुसऱ्या प्रती, यांनी फोन गच्च भरला होता. त्यात त्यांच्या नातवाचे चार फोटो होते, ते त्यांनी जागा करायला म्हणून आधीच पुसले होते. व्हॉट्सॲपवरचे फोटो आपोआप उतरणे मी बंद केले, दुहेरी प्रती काढल्या आणि ॲप अपडेट झाले. दहा-पंधरा मिनिटांचे काम. पण त्यासाठी त्यांना दिवाळीची आणि आयटीतल्या दिराची वाट पाहावी लागली. ज्या सेविकेला असा दीर नाही तिने काय करायचे?

त्याच वेळी आणखी एक कळले. त्यांची वाडी कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. फोन मधूनच पलीकडचा टॉवर पकडतो, मग तो रोमिंगमध्ये जातो, आणि रोमिंगमधला डेटा मुळात बंद असल्याने नेट थांबते. वहिनींची समजूत अशी की रेंज गेली. मग त्या अंगणवाडीमागच्या टेकाडावर जाऊन माहिती भरायच्या. एमडीएम असते तर सीमेवरच्या सगळ्या गावांतल्या फोनवर रोमिंगचा डेटा एकाच आदेशाने चालू करता आला असता, तोही कोणाला कार्यालयात न बोलावता.

अपडेटचे म्हणाल तर तिथेही शिस्त लागते. आम्ही कुठलेही नवीन अपडेट आधी आमच्या खोलीतल्या आणि मोजक्या विश्वासू प्रतिनिधींच्या फोनवर सोडतो. आठवडाभर काही बिघडले नाही तर सगळ्यांना. महिनाअखेरीला, हिशेब भरायच्या दिवसांत, काहीही बदलत नाही. प्रणालीचे अपडेट रात्री ठरलेल्या वेळेतच व्हावे किंवा ३० दिवसांपर्यंत लांबवावे, अशी सोय अँड्रॉइडने संस्थांसाठी ठेवलेलीच आहे. पोषण ट्रॅकरवर दर महिन्याला मुलांचे वजन-उंची भरायची असते. नेमक्या त्या दिवसांत ॲपची नवी आवृत्ती येऊन जुन्या फोनवर ती उघडलीच नाही, तर गैरहजेरी सेविकेच्या नावावर लागते. हा तिच्यावर अन्याय आहे, दुसरा शब्द नाही.

त्यात १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची अट आली. म्हणजे आता फोनवर नुसती नोंद नाही, तर बाईच्या तोंडचा घास अवलंबून आहे. कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे असतील, रॅम कमी पडत असेल, नेट लटकत असेल, तर कडेवर मूल घेऊन आलेली बाळंतीण दारात उभी राहते. आमच्याकडे एखाद्या डिलिव्हरीच्या मुलाचा फोन बंद पडला तर एका दिवसाचा माल अडतो. इथे काय अडते ते बघा, आणि मग ठरवा देखभाल कोणाची जास्त काटेकोर हवी.

बॅटरीकडे तर कोणीच लक्ष देत नाही. लिथियम बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. एप्रिल-मेमध्ये जतकडे पारा चाळिशीपार जातो; पत्र्याच्या छताखाली, खिडकीत ठेवून चार्ज होणारा फोन किती तापत असेल ते सांगायला नको. असा फोन आधी चार्जिंग थांबवतो, पुढे दुपारपर्यंतही टिकत नाही आणि शेवटी बॅटरी फुगते. मागचे झाकण कडेने उचललेले दिसले, काच थोडी वर आली, की तो फोन त्याच क्षणी बंद करून बाजूला ठेवायचा असतो. दाबायचा नाही, टोचायचा नाही, पुन्हा चार्ज करायचा नाही. आमच्या गोदामात दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या फोनमध्ये हे हमखास होते, म्हणून आम्ही दर तिमाहीला एकेक फोन आडवा धरून त्याची कड पाहतो. अंगणवाडीत तो फोन लहान मुलांच्या मध्ये असतो. फुगलेली बॅटरी कशी ओळखायची हे सेविकांच्या प्रशिक्षणात कोणी सांगितले आहे का? वहिनींना तरी कोणी सांगितले नव्हते.

आता दुरुस्तीचे. फोन पडणार, काच फुटणार, चार्जिंगची जागा सैल होणार. वापरातल्या वस्तूला हे होणारच, त्यात कोणाचा गुन्हा नाही. आम्ही शंभर फोनमागे पाच जादा घेऊन ठेवतो, आधीच जोडून, चार्ज करून. एखाद्याचा फोन बिघडला की तो जमा करतो आणि त्याच दिवशी दुसरा घेऊन जातो. बिघडलेला मागाहून दुरुस्त होतो. जतच्या पूर्व भागातून सांगली शंभर किलोमीटरच्या घरात. सेविकेने फोन घेऊन यायचे, सर्व्हिस सेंटरवाल्याने "आठ दिवसांनी या" म्हणायचे आणि बाईने एसटीचे भाडे खर्चून परत जायचे, ही काही व्यवस्था म्हणता येत नाही. प्रकल्प कार्यालयात कुलपात पंधरा-वीस तयार फोन असले तर ही वारीच वाचते.

आणि पैसे कोणाचे? फोन जडवस्तू नोंदवहीत चढतो, सेविकेची सही घेतली जाते आणि तिथून तिच्या मनात धास्ती बसते, की फुटला तर माझ्या मानधनातून जाणार. वहिनी फोन पाटीवरच्या कापडात गुंडाळून ठेवतात, पावसात घरभेटीला नेत नाहीत. घरभेटीची नोंद मग घरी येऊन. जिल्हा परिषदेच्या जीपला लॉगबुक असते, सर्व्हिसिंगची तारीख असते, टायर किती किलोमीटरला बदलायचे याचा निकष असतो, गाडी किती वर्षांनी निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची, तेही ठरलेले असते. टायर झिजला म्हणून चालकाच्या पगारातून कोणी पैसे कापत नाही. फोनलाही नेमके हेच सगळे हवे आहे.

खरेदीच्या वेळी रॅम आणि मेगापिक्सेल लिहिले जातात. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हे लिहिले जायला हवे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले, सॅमसंगनेही २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ ला तेवढेच दिले. ते महागडे फोन आहेत, मान्य. पण मुदत लेखी मागता येते आणि कंपन्या ती देतात, हे त्यातून स्पष्ट होते. निविदेत "खरेदीच्या तारखेपासून किमान चार वर्षे सुरक्षा अपडेट आणि तेवढीच वर्षे सुटे भाग" एवढी एक ओळ टाकली, तर पडून राहिलेला जुना माल खपवणारे आपोआप बाजूला होतील. थोडे महाग पडेल. पण दोन वर्षांत टाकून द्यायचा स्वस्त फोन दोनदा घेण्यापेक्षा ते स्वस्तच आहे.

प्रणालीची खाती कोणाच्या नावावर आहेत हेही तपासावे. आमच्या आयफोनसाठी ॲपलचे एक प्रमाणपत्र लागते, ते दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि तेही ज्या ॲपल खात्यावरून पहिल्यांदा काढले त्याच खात्यावरून. ते खाते एखाद्याच्या खासगी नावावर असेल आणि तो माणूस नोकरी सोडून गेला, तर एकूण एक फोन नव्याने जोडावा लागू शकतो. अँड्रॉइडच्या बाजूलाही संस्थेचे गूगल खाते ठेकेदाराच्या मुलाच्या जीमेलवर काढलेले असू नये. ठेका संपतो, माणसे बदलतात, फोन मात्र विभागाचेच राहतात.

फोन हरवला तर? मे २०२३ पासून सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर देशभरातले हरवलेले फोन आयएमईआय देऊन ब्लॉक करता येतात. पोलिसांतल्या तक्रारीची प्रत आणि क्रमांक लागतो. फोन हरवल्यावर त्याच फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून क्रमांक पाहता येत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी नोंदवहीत असावा लागतो. पण ब्लॉक करणे पुरेसे नाही, आतली माहितीही दुरून पुसता आली पाहिजे. गरोदर महिलांची नावे, त्यांचे मोबाईल क्रमांक, कुठले बाळ कुपोषित आहे, कोणत्या घरात. हे सगळे सेविकेच्या हातातून जाते. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात मुलांच्या माहितीला जास्त संरक्षण आहे. पडद्याला साधा पिनही नसलेला फोन त्या कायद्याशी कसा जुळतो?

रोजगार हमीचे मेट, म्हणजे कामावरचे मुकादम, या बाबतीत अजून वाईट अवस्थेत आहेत. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी एनएमएमएस या सरकारी हजेरीच्या ॲपवर फोटो काढून लावणे सक्तीचे झाले, आणि फोन कोणाचा, तर मेटचा स्वतःचा. खासगी फोनवर कामाचे ॲप चालवायचेच असेल तर त्यासाठी अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल आहे. कामाची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, कार्यालयाला तेवढाच कप्पा दिसतो आणि पुसता येतो, घरचे फोटो आणि संदेश मालकाचेच राहतात. आमच्या काही प्रतिनिधींना आम्ही हेच देतो, वर महिन्याला ठराविक भत्ता. फोन तुमचा, रिचार्ज तुमचा आणि हजेरी लागली नाही तर मजुरी मजुराची बुडाली, हे चालू राहता कामा नये.

राज्यात लाखावर अंगणवाड्या आहेत. इतक्या फोनची निगा मुंबईत किंवा पुण्यात बसून फक्त एका हेल्पलाइनवर होणार नाही. माझी मागणी अशी, की प्रत्येक बालविकास प्रकल्प कार्यालयात या कामासाठी एक माणूस नेमावा. आयटीआय किंवा पदविका झालेला स्थानिक मुलगा किंवा मुलगी चालेल, मोठी पदवी लागत नाही. महिन्याच्या बीट बैठकीला त्याने तिथे जावे, अर्धा तास सेविकांचे फोन पाहावेत, जागा मोकळी करून द्यावी, बॅटऱ्या तपासाव्यात, बिघडलेला घेऊन तयार फोन हातात द्यावा. सेविका त्या दिवशी एरवीही जमतातच, त्यांना वेगळे बोलवायला नको. या माणसाचा पगार, जादा फोन, एमडीएमचे वार्षिक शुल्क आणि दुरुस्ती हे सगळे मूळ खरेदीच्याच मंजुरीत धरावे, नंतर "निधी उपलब्ध झाल्यास" असे नको. एमडीएमच्या शुल्काची अडचण असेल तर मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रणालीही उपलब्ध आहेत, त्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात.

जुन्या फोनचेही ठरवून टाकावे. आज ते कार्यालयांच्या कपाटांत, गोण्यांत पडून आहेत, बॅटरीसकट. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवेत. भंगारवाल्याला वजनावर द्यायचे नाहीत. त्याआधी प्रत्येकातली माहिती पुसून, आयएमईआयनिहाय निर्लेखनाची यादी करून, सेविकेच्या नावापुढची नोंद कमी केल्याचा कागद तिला मिळाला पाहिजे. परत केलेल्या फोनची पोचपावती वहिनींनी अजून ट्रंकेत जपून ठेवली आहे, कारण नोंद कमी झाल्याचे त्यांना आजवर कोणी लेखी कळवलेले नाही.

आपला,
मोबाईल देखभालीच्या कामातला एक वाचक,
सांगली